बिनओरखड्याचं विमान

दस्तू, तुझं विमान अख्खं घरी आलं, तिथंच सगळा घोटाळा झाला.

मोडून आलं असतं तर बरं होतं बघ. आधीची सगळी आपण पोत्यातनं आणली. युरियाच्या रिकाम्या पोत्यात पंख एकीकडं, धड एकीकडं, आणि वर ओळख पटावी म्हणून शेपटी. भाभी दारातच पोतं हलवून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज बरंच वर गेलतं वाटतं." पोतं जेवढं बारीक वाजेल तेवढं विमान उंच गेलेलं, हे तुझ्या घरचं मोजमाप. आणि हे शेवटचं! तुझ्या गॅरेजात आढ्याला टांगलंय. रंगाचा टवका उडालेला नाही. आधी आष्ट्यातला कुणीही खाली उभा राहून वर बघायचा आणि मान हलवायचा. हे काही उडालेलं नाही. दोन म्हातारे पठारावर गेले, दरी बघून त्यांचे पाय लटपटले, आणि आले परत.

ते उडताना बघितलेली माणसं जगात दोनच. त्यातला एक कब्रस्तानात, चिंचेखाली. उरलो मी. आणि माझ्या साक्षीची किंमत तुला माहीत आहे. मी आज मंगळवार आहे म्हटलं तर लोक घरात जाऊन कॅलेंडर बघून येतात.

यात तुझाही हात आहे, हे आता स्पष्टच सांगतो. तू मला बिघडवलंस. आष्ट्याला आलो की एस्टी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी गोष्ट लावायचो. पठाणकोटला मिगचं टायर बसलं, हवाई दलाला जॅक सापडेना, मग माझ्या ट्रकचा जॅक लावून मी विमान उचललं आणि पायलटनं खाली उतरून मला कडक सलाम ठोकला. कुणीतरी म्हणायचंच, "बापू, आता बास की!" मी टेबलावर हात आपटायचो. "खोटं वाटतंय? विचारा दस्तूला!" आता तू पठाणकोट कशाला, पुण्याच्या पुढं कधी गेला नव्हतास. मी फौजेत ट्रक हाकत होतो तेव्हा तू आष्ट्यात लोकांच्या गाड्यांचे पोचे काढत होतास. पण तू बशीतला चहा संपवायचास, मिशी पुसायचास, आणि सावकाश म्हणायचास, "वारं मात्र लय असतंय तिकडं."

संपलं. तू खोटं बोललास म्हणावं तर तसं नाही, आणि मला तोंडघशी पाडलंस म्हणावं तर तसंही नाही. वारं कुठं नसतं? पुढंपुढं लोक माझी गोष्ट ऐकायचे आणि शेवटाला तुझ्याकडं वळायचे, तुझं वारं ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही. शेकोटीत पावट्याची शेंग भाजावी तशी माझी थाप तू तुझ्या वाऱ्यावर भाजून द्यायचास. आता सांग, मी काय करू?

या विमानाचं खूळ तुझ्या फोनवरनं आलं. परदेशातला एक लाल तोंडाचा माणूस डोंगराच्या कडेला उभा राहतो आणि अगदी जेटसारखं दिसणारं विमान दरीत ढकलून देतो, आणि ते पडत नाही. मी म्हटलं, "इंजिन बारकं असंल." तू म्हणालास, "इंजिनच न्हाई, बापू. वारं डोंगराला धडकतंय आणि वर चढतंय. त्याच्यावर हे बसतंय." मग तू फोन खाली ठेवलास आणि माझ्याकडं असं बघितलंस की मला कळलं, आता माझी आणि माझ्या ओम्नीची धडगत नाही. मी साताऱ्यात राहतो, पठारं माझ्या डोक्यावर, वारा फुकट. तुझ्याकडं गॅरेज, पुट्टी, रंगाची बंदूक. जगात याहून पक्की जोडी कुठं असणार?

आणि मिगच का, तर माझ्या जॅकच्या गोष्टीमुळं. "एकदा खरंच हातानं उचल म्हणलं तुला," असं म्हणून तू गालात हसलास. उभ्या जन्मात तू मला मारलेला हा एकच टोमणा, आणि तो पुरा करायला तू वर्षंच्या वर्षं घातलीस.

आपलं पहिलं भांडण शेपटीवरनं, आणि शेवटचंही शेपटीवरनंच. तुझं आजोळ कडेगाव. मोहरमचे उंचच्या उंच ताबूत तिथं वरनं खाली बांधत येतात, आधी कळस आणि मग त्याच्याखाली एकेक मजला. मामांच्या हाताखाली बांबूच्या कामट्या तासत तू लहानाचा मोठा झालास. त्यामुळं विमानही तू शेपटीकडनं सुरू केलंस. त्या उभ्या शेपटीत कामट्या काय, कागदाचे थर काय, काचेचं कापड काय, सगळा जीव ओतलास. नाकापर्यंत येईतो तुझा हातही थकला आणि सामानही. मग तोल बघायला पंखाखाली दोन बोटं लावली, तर विमान पुढं झुकायचं सोडून म्हशीसारखं मागच्या मागं बसलं.

"दस्तू," मी म्हटलं, "ताबूत खांद्यावरनं न्यायचा असतोय. हे हवेत सोडायचंय. नाकाकडनं कर की."

"पुढनं मागं मला येत न्हाई. हात तसाच चालतोय."

"मग शेपटी तास."

"कळस तासत्यात व्हय रं?"

 शेपटी तासायची नाही म्हटल्यावर नाक जड करणं आलं. टायरवाल्याकडनं चाकं बॅलन्स करायच्या शिशाच्या जुन्या चिपट्या आणल्यास, भाभींच्या पातेल्यात वितळवल्यास आणि नाकात ओतल्यास. ते पातेलं भाभींनी परत घरात घेतलं नाही. एवढं शिसं त्या नाकात गेलं की आष्ट्यातल्या निम्म्या गाड्या त्या वर्षी डगडगत चालल्या. (ही थाप आहे. पण शेजारी बसून वारं घालायला तू नाहीस म्हणून मलाच सांगावं लागतंय, बघ काय वेळ आली.)

दुसरं भांडण माझ्या हातावरनं. रिमोट तुझ्याकडं, विमान दरीत सोडायचं काम माझ्याकडं. मी हातबॉम्ब टाकावा तसं टाकायचो. पहिलं विमान माझ्याच हातून सरळ करवंदीत गेलं. दुसरं वर गेलं, उलटं झालं, आणि एका धनगराच्या भाकरीच्या फडक्याशेजारी पडलं. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "आवं, जेवू तरी द्या." तू कधी रागावला नाहीस. परत चालत येताना एवढंच म्हणायचास, "फेकायचं न्हाई रं, बापू. वाऱ्याच्या हातात द्यायचं. लेकराला देतो तसं."

"लेकरू एवढं जड असतंय व्हय?"

"शेपटीकडनं जड असतंय," तू म्हणायचास.

आता त्या दिवसाचं सांगतो. तुलाच तुझी गोष्ट सांगतोय, हसू नकोस. दुसऱ्या कुणाला सांगून ती पुरी होत नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर पश्चिमेच्या कडेला आपण उभे. मागं पवनचक्क्या घूं घूं करतायत, पुढं दरी, गवत वाळून सोनेरी झालेलं. वारा असा की डोक्यावरची टोपी सोडली तर कराडात सापडावी. तू रिमोट गळ्यात अडकवलास, पंखाच्या झडपा वरखाली करून बघितल्यास, आणि मला मान हलवलीस. मी विमान डोक्यावर धरलं. खरं सांगतो, त्या वेळी पहिल्यांदा मी फेकलं नाही. माझे हात नुसते मोकळे झाले.

आणि ते खाली गेलं. कडेच्या खाली, दिसेनासं. मी पोत्याकडं बघायला लागलो. तू मात्र दरीकडंच बघत होतास. मग खालनं शीळ ऐकू आली. आधी बारीक, मग कापड फाडावं तशी, आणि आपल्या पायाखालनं, दस्तू, आपल्या पायाखालनं ते वर आलं! चंदेरी, नाक पुढं, शेपटी ताठ. आपल्या तोंडासमोरनं वर चढलं, वर जाऊन एका पंखावर कललं, उन्हात असं चमकलं की माझे डोळे मिटले. तू त्याला कडेकडेनं नेलंस, वळवून आणलंस, परत नेलंस. कुठनं तरी एक घार आली. थोडा वेळ त्याच्याबरोबर गेली, मग हा गडी पंखच हलवत नाही बघून बाजूला झाली. इंजिन नाही, तेल नाही, नुसता वारा आणि तुझे दोन अंगठे. मला वाटलं आता हे दिल्लीला जातंय. मी तसं ओरडलोही. सगळ्या पठाराला ऐकू जाईल असा ओरडलो.

आणि उतरलं ते कसं? आजवर एकही नीट उतरलं नव्हतं. कडेच्या मागं वारा गरगरतो आणि आणून आपटतो, हे आपल्याला पोत्यांनी शिकवलं होतं. या खेपेला तू त्याला लांबनं वळवून आणलंस, उंच गवतावर हळूहळू खाली घेतलंस, आणि खुडुक कोंबडी अंड्यांवर बसावी तसं ते बसलं. मी धावत जाऊन उचललं. एक ओरखडा नाही. मी नाचलो. तू खाली गवतात बसलास आणि नुसता श्वास घेत राहिलास. मला वाटलं, आनंदानं.

येताना विमान ओम्नीत, नाक आपल्या दोघांच्या मधे आणि शेपटी मागच्या खिडकीतनं बाहेर. पेठ नाक्यावर चहाला थांबलो, तर एकानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, "सरकारी काम हाय, लांब व्हा." तू नेहमीसारखं वारं घातलं नाहीस, नुसता गाडीला टेकून बसलास. मी म्हटलं, "आज घरी गेल्यागेल्या मी सांगतोच."

"आज न्हाई," तू म्हणालास. "दमलोय. उद्या ये. तू सांग, मी बसतो बाजूला."

"तूच सांग की मर्दा, उडवलंस तू."

"तू सांगाय लागलास की मला बी ते परत बघाय मिळतं."

दारात भाभींनी अख्खं विमान बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "वारं न्हवतं व्हय आज?" तू हसलास फक्त. "उद्या बापू सांगंल," एवढं म्हणून आत गेलास.

उद्या मी आलो, दस्तू. पण सकाळीच तुझ्या शेजाऱ्याचा फोन आला होता. झोपेतच गेलास म्हणाले. गोष्ट सांगायला म्हणून चांगला शर्ट रात्रीच काढून ठेवला होता, तोच घालून आलो, दुसरा शोधायचं सुचलंच नाही. तुझ्या अंगणात माणूस मावत नव्हतं. एवढे ऐकणारे मला जन्मात मिळाले नसतील. मी खांदा दिला. हात तिथंही नुसते मोकळेच झाले.

जियारतीच्या, तिसऱ्या दिवशी, फातिहा झाल्यावर, पाहुणे पांगले आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. भाभी इद्दतीत, परपुरुषासमोर यायचं नाही म्हणून आतल्या खोलीच्या पडद्याआड. यास्मिन दारात. तुझी ही लेक शिरवळच्या कारखान्यात माल तपासते, तिच्या नजरेतनं केसाएवढा फरक सुटत नाही. आतनं भाभींचा आवाज आला, अगदी हळू.

"बापूभाऊ, त्यांनी उडवलं न्हाई न्हवं? भ्याले का? का तब्येत बरी न्हवती? खरं सांगा. एवढी वर्षं त्याच्यापायी घातली, आणि न उडवताच गेले, हे मला बघवत न्हाई वर टांगलेलं."

मी सगळं सांगितलं. आता तुला लिहिलं तसंच. दरी, शीळ, ऊन, घार, कोंबडी. एक शब्द वाढवला नाही, तुझ्या कबरीची शपथ. आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की हे माझ्या सगळ्या थापांपेक्षा खोटं वाटतंय. पायाखालनं विमान वर आलं म्हणे! घार बरोबर उडाली म्हणे! मी सवयीनं डावीकडं, तुझ्याकडं वळलो. तिथं नुसती खुर्ची होती. यास्मिननं पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवला आणि म्हणाली, "राहू द्या, काका. अब्बांना तुमच्या गोष्टी आवडायच्या." इतक्या मायेनं म्हणाली की ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मला फोन आठवला. यास्मिननंच बजावलं होतं, "काका, या वेळी गोष्ट नको, व्हिडिओ पाहिजे." मी काढला होता व्हिडिओ! विमान सोडल्यावर खिशातनं फोन ओढला आणि बटण दाबलं होतं, पक्कं आठवत होतं. मी फोन तिच्या हातात दिला. वर्गात पहिला आल्यासारखा बसलो.

व्हिडिओत काय निघावं? गवत. माझी चप्पल. एक करवंदीचं झुडूप, ते वर जातं आणि खाली येतं. मी नाचत होतो ना, फोन हातात लोंबत होता. एका कोपऱ्यात तुझ्या पँटची मोहरी, वाऱ्यानं फडफडणारी. विमानाचं नखसुद्धा नाही. आणि आवाज माझा, फक्त माझा. "आरं बघ! बघ! चाललं! चाललं दिल्लीला!"

आणि त्याच्याखाली तू.

यास्मिननं फोन कानाला लावला. परत लावला. मग पडद्याआड नेला. आत माझंच केकाटणं पुन्हापुन्हा ऐकू येत राहिलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे वेगळे होते. "काका, अब्बा काहीतरी म्हणतायत इथं. अख्खं वाक्य आहे. तुमच्या आवाजात बुडालंय. काय म्हणाले?"

मला तर हेही माहीत नव्हतं की तू काही बोललास. तुझ्या शेजारी उभा होतो मी, हातभर अंतरावर. उडण्याबद्दल चहाला बोलला नाहीस, गाडीत बोलला नाहीस, सगळ्या दिवसात मोजकं बोललास, आणि जे बोललास ते मी दिल्लीला धाडलं.

आतनं भाभी म्हणाल्या, "तुमी जवळ होता. सांगा की. काय म्हणाले ते?"

दस्तू, तुला माहीत आहे मी काय करू शकलो असतो. माझ्या जिभेवर तयार होतं. एकापेक्षा एक सरस. भाभींचं नाव घेऊन, 'शमाला आणायला पाहिजे होतं इथं.' 'यास्मिनला दाखवायला पाहिजे होतं.' 'अल्लानं दाखवलं, आता काही मागणं न्हाई.' यातलं कुठलंही म्हटलं असतं तरी त्या मायलेकींनी ते जन्मभर उशाला घेतलं असतं. शंका घेणारं कुणी नव्हतं. उभ्या आयुष्यात तुझ्या तोंडी मी किती काय काय घातलं, आणि तू चहा पीत ते सगळं आपलं मानून घेतलंस. एक आणखी वाक्य तुला काय जड झालं असतं? तोंड उघडलं मी. आणि काही येईना. माझं तोंड, दस्तू! ते उघडं राहिलं आणि त्यातनं काहीच बाहेर पडेना.  यास्मिन वाट बघतेय, पडदा वाट बघतोय, आणि मी तुझ्या लाडक्या बशीकडं बघतोय, तीही कपाटात पालथी.

शेवटी म्हटलं, "वारं लय होतं, भाभी. मी वरडत होतो. मला न्हाई ऐकू आलं."

 मला वाटलं, आत भाभी रडतायत. मग पडदा जरासा हलला.

"यास्मिन," भाभी म्हणाल्या, "उडालं गं. अब्बांनी उडवलं."

"कशावरनं, अम्मी?"

"बापूभाऊ ऐकू न्हाई आलं म्हणाले की. ह्यांनी काहीतरी सांगितलं असतं, तर मी समजले असते, ही बी थापच."

यास्मिन माझ्याकडं बघत राहिली. मग उठली, गॅरेजात गेली, आणि त्या आढ्याखाली जाऊन उभी राहिली. मी मागनं गेलो नाही. ती कुठं बघत असणार मला माहीत होतं. भिंतीवर तू खडूनं पुढच्या विमानाची शेपटी काढून ठेवली आहेस, नुसती शेपटीच. बाकीचं विमान नाहीच. त्या दिवशी सकाळी निघतानाही मी म्हटलं होतं, "पुढचं तरी नाकाकडनं," आणि तू म्हणालास, "पुढचं बी शेपटीकडनंच." ते भांडण तू जिंकलास, पण अर्धं सोडून जिंकलास. असं कुणी जिंकतं व्हय रं?

आता आष्ट्यात लोक मानतात की उडालं. भाभींनी म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? हॉटेलात मला बोलावून ऐकतात. मी सांगतो, वाढवत नाही, शेवटाला आलो की सगळे माझ्या डावीकडं बघतात आणि मग आपापल्या कपात बघतात.

मी मात्र तो व्हिडिओ रोज लावतो. फोन कानाशी धरून, डोळे मिटून, दुसऱ्या कानात बोट घालून. यास्मिननं शिरवळच्या कुणा पोराकडनं माझा आवाज कमी करून घ्यायचा प्रयत्न केला, तर तुझाही कमी झाला. आता माझ्या हातात काही नाही. वारं येतं, पवनचक्की येते, तुझा घसा खाकरल्याचा आवाज येतो, मला कळतं की आता तू बोलणार. मी कळवळून म्हणतो, "गप की रं बापू, एवढं एक वाक्य गप की." आणि तो नालायक काही गप बसत नाही.